हरळीचा ट्रे

शहापूरजवळच्या सापगावसारख्या गावात कुत्र्यासाठी घरात शी-शूची जागा करायची म्हटलं, तर जुनी माणसं विचारणारच की कशाला? दार उघडलं की अंगण, अंगणापलीकडे बांध, बांधापलीकडे भातसा नदीचा काठ. गावात वाढलेल्या धडधाकट गावठी कुत्र्याला खरंच आणखी काही नको. पण शहापूर, आसनगाव, सापगाव, किन्हवली या पट्ट्यात आता छोटी कुत्रीही दिसू लागली आहेत. सगळे ज्याला पॉमेरेनियन म्हणतात ते पांढरं स्पिट्झ, पग, डॅशहुंड, शित्झू. अशा लहानशा जिवाला रात्री अकरा वाजता दार उघडून ‘जा, करून ये’ म्हणणं या भागात धोक्याचं आहे.

पहिला धोका बिबट्याचा. तानसा अभयारण्य आणि माहुलीचं जंगल एका बाजूला, माळशेजचे डोंगर दुसऱ्या बाजूला. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या, ज्याच्यावर पुढे मराठी चित्रपट आला, तो गळ्यात जीपीएस पट्टा घेऊन कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. हे प्राणी आपल्या वस्त्यांच्या कडेकडेनेच फिरतात. घाटमाथ्यावर, आपल्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने, बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. बिबट्याला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री कुत्रं आत ठेवणं आपल्या हातात आहे.

दुसरा धोका सापांचा. पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते, आणि लहान कुत्रं जमिनीला नाक लावूनच चालतं. तिसरी गोष्ट पावसाची. शहापूर-मुरबाडकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बुटकं कुत्रं अशा पावसात उंबऱ्यावर उभं राहतं, बाहेर बघतं, मागे फिरतं आणि पलंगाखाली जाऊन मोकळं होतं. त्यात त्याची चूक काहीच नसते. शिवाय साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो. तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही.

चौथं कारण पिल्लांपुरतं आहे, पण फार महत्त्वाचं. पार्व्हो या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ते चक्र चालतं. तोपर्यंत इतर कुत्री फिरतात त्या रस्त्यावर पिल्लाला सोडायचं नाही. आणि नेमकं याच दिवसांत पिल्लू कुठे शू करायची ते शिकत असतं.

शिकतं कसं? पिल्लू खोली ओळखून शिकत नाही, ते पायाखालचा स्पर्श ओळखतं. दोन-चार महिन्यांच्या वयात ज्या पृष्ठभागावर ते वारंवार मोकळं होतं, तो त्याच्या पायांना लक्षात राहतो आणि पुढे ते तसाच पृष्ठभाग शोधत फिरतं. ‘आमचं कुत्रं बाथरूममध्ये जातं, पण पायपुसण्यावरच करतं’ ही तक्रार यातूनच येते. त्याला बाजारातल्या मऊ शोषक पॅडवर शिकवलेलं असतं, आणि पायाला पायपुसणं तसंच लागतं. वर्तमानपत्रावर शिकवलं तर आजोबा जमिनीवर पेपर पसरून वाचायला बसले की पिल्लू मोठ्या विश्वासाने त्याच पानावर येऊन बसतं. त्याने धडा बरोबर गिरवलेला असतो. म्हणून जागा ठरवण्याआधी पृष्ठभाग ठरवा, आणि तो घरात दुसरीकडे कुठेही सापडणार नाही असा निवडा.

आपल्याकडे यासाठी हरळीसारखं दुसरं काही नाही. ती बांधावर फुकट मिळते, तुडवली तरी मरत नाही, आणि मुख्य म्हणजे हरळीवर शिकलेलं कुत्रं उघडीप पडल्यावर अंगणातल्या गवतावरही लगेच करतं. घरातलं आणि बाहेरचं असे दोन वेगळे धडे द्यावे लागत नाहीत. भाजीवाल्याकडचा जुना प्लास्टिकचा क्रेट घ्या आणि तळापासून तीन-चार इंचांवर कापा. कापलेली कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर पिल्लाच्या पोटाला लागेल. तळाला भोकं असतातच, पाणी निथळायला ती हवीत. तळात बारीक खडीचा पातळ थर, वर दोन इंच माती आणि त्यावर मुळांसकट काढलेली हरळीची लादी. कुत्र्याला आत उभं राहून पूर्ण गोल फिरता आलं पाहिजे; एक क्रेट अपुरा पडला तर दोन शेजारी-शेजारी ठेवा. ट्रे लहान पडला की पुढचे पाय आत आणि शू बाहेर, असं होतं.

लादी कुठून काढता तेही बघा. गुरं बसतात किंवा गावातली कुत्री लोळतात तिथली हरळी गोचीड घेऊन येते. आणि ज्याच्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत अशा पिल्लाच्या घरात बाहेरची माती आणूच नका. त्या काळात नर्सरीतून स्वच्छ माती आणून घरातच लावलेली हरळी वापरा, ती रुजेपर्यंत प्लास्टिकच्या हिरवळीचा तुकडा चालेल. तो रोज साबणाने धुवावा लागतो, कारण शू त्याच्या मुळाशी साचून राहते आणि वासाने घर नको होतं. खऱ्या हरळीला रोज तांब्याभर पाणी घातलं तरी पुरतं. लघवीतल्या नायट्रोजनने गवत पिवळं पडतं, म्हणून शू झाल्या झाल्या त्याच जागी पाणी ओतावं. शक्य असेल तर दोन ट्रे करा, एक वापरात आणि एक उन्हात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं, तेव्हा दुसरा ट्रे पागोळ्यांखाली ठेवावा, धुऊन निघतो. फक्त ते पाणी विहिरीकडे वाहत नाही ना, एवढं पाहा.

ट्रे ठेवायचा कुठे, यावरून घरात वाद होतात. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्याजवळ नको, असं घरातली मोठी माणसं म्हणाली तर त्यांचं ऐका. कुत्र्यालाही आपल्या खाण्या-झोपण्याच्या जागेजवळ घाण केलेली आवडत नाही. जुन्या घरात मागच्या पडवीतली मोरी सर्वांत चांगली, उतार आणि पाणी जायची वाट दोन्ही तयार असतात. फ्लॅटमध्ये गॅलरीचा कोपरा. पण पडवी असो की गॅलरी, ती जाळीने बंद हवी. उघड्या पडवीत ठेवलेला ट्रे म्हणजे रात्री पुन्हा कुत्रं बाहेरच. एकदा जागा ठरली की पाहुणे आले, सण आला, म्हणून ट्रे हलवायचा नाही.

आता वेळापत्रक. निम्म्याहून अधिक काम इथेच होतं आणि ते कुत्र्याने नाही, माणसाने करायचं असतं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा तास-दोन तासांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. लहान जातींचं मूत्राशयही लहान असतं, म्हणून त्यांना अजून लवकर लागते. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा ते वीस मिनिटांत आणि खेळून दमल्यावर, या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. यांशिवाय दिवसभर दर तास-दीड तासाने एकदा. पिल्लाला उचलून नेण्यापेक्षा दोरी लावून चालवत न्या, रस्ता त्याच्या पायांना कळू दे. ट्रेवर उभं केलं की तुम्ही खांबासारखे गप्प उभे राहा. त्याच्याशी बोललात, हसलात, वाकून हात लावलात की ते शू विसरून तुमच्याशी खेळू लागतं. तीन-चार मिनिटं वाट बघा. नाही केली तर दहा मिनिटं त्याच्या जाळीच्या छोट्या कुंपणात ठेवा आणि पुन्हा आणा. ज्या पिल्लाला लागलेली आहे आणि ज्याने अजून केलेली नाही, ते घरात मोकळं फिरता कामा नये. हा एक नियम पाळलात तर घरातले निम्मे अपघात आपोआप टळतात.

ते करायला बसलं की हळू आवाजात एकच शब्द म्हणा, ‘शू’. घरात सगळ्यांनी हाच शब्द वापरायचा. आई ‘शू कर’, मुलगा ‘कम ऑन’ आणि बाबा ‘चल रे लवकर’ म्हणत असतील, तर पिल्लाला काहीच कळत नाही. झालं की त्याच क्षणी, ते ट्रेवरून उतरायच्या आत, तोंडात खाऊ. उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा पुरे. खाऊ आणायला स्वयंपाकघरात गेलात, तर बक्षीस ट्रेवर बसल्याचं राहत नाही, तुमच्या मागे धावत आल्याचं होतं. म्हणून छोटी डबी ट्रेच्या वरच्या फळीवरच ठेवा. बेदाणे, मनुका, चॉकलेट आणि कांदा घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी असतं, तेव्हा हाताला लागेल ते देऊ नका.

लागल्याच्या खुणा ओळखायला दोन-तीन दिवस निव्वळ बघत बसायची तयारी ठेवा. खेळता खेळता पिल्लू अचानक थांबतं. शेपटी जरा ताठ होते. नाक जमिनीला लागतं आणि ते भिंतीच्या कडेने, मघाशी खेळत होतं त्यापेक्षा वेगळ्या चालीने, जाऊ लागतं. मग एकाच जागी दोन-तीन घिरट्या. घिरट्या सुरू झाल्या म्हणजे तुमच्या हातात काही सेकंद आहेत. तेवढ्यात ‘ए, चल’ म्हणून सरळ ट्रेकडे न्या. शू करायला बसलेलंच असेल तर मात्र उचला. बहुतेक पिल्लं उचलल्यावर थांबतात, उरलेली ट्रेवर होते आणि तिथे खाऊ द्यायला हरकत नाही.

अपघात होऊन गेल्यावर काय? काही नाही. पुसायचं. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी आपटणं, मान धरून दाखवणं हे प्रकार अजूनही घरोघरी चालतात आणि त्यांनी फक्त नुकसान होतं. पाच मिनिटांपूर्वीची शू आणि आत्ताचा मार यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते कोठीमागे, कपाटाच्या फटीत, पाहुण्यांच्या खोलीत जाऊ लागतं आणि तुमच्यादेखत ट्रेवर मात्र करत नाही. मार खाल्लेलं पिल्लू पुन्हा शिकवायला न मारलेल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात.

पुसण्याचं मात्र मन लावून करावं लागतं, कारण जिथे वास राहतो तिथे कुत्रं परत येतं. फिनेलने आपल्याला स्वच्छ वाटतं, पण कुत्र्याच्या नाकाला त्याखालची लघवी लागतेच. काळं फिनेल तर पंजाला लागून चाटण्यात गेलं की पोटाला आणि तोंडाला त्रास देतं. अमोनिया असलेली साफसफाईची द्रव्यं नकोतच, लघवीचा वासही अमोनियाचाच असतो. सिरॅमिक टाइल्सवर निम्मं पाणी-निम्मं व्हिनेगर चालतं, पण शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्यावर व्हिनेगर ओतू नका. ते चुनखडीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि खरखरीत झालेल्या दगडात वास अजून मुरतो. तिथे कुत्र्या-मांजरांच्या लघवीसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रव्य ओतून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवावं आणि मग पुसावं.

शेणाने सारवलेल्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. सापगावच्या आसपासच्या पाड्यांवर अजून अशी घरं आहेत. सारवलेल्या भुईत शू वर थांबत नाही, आत उतरते. वरून नुसतं सारवलं की आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला येतो. ओला डाग दिसताच खुरप्याने तेवढा भाग बोटभर खोल खरवडून काढा आणि ती माती बाहेर टाका. खड्डा पूर्ण वाळू द्या. मग कोरडी, चाळलेली माती भरून पाणी शिंपडून चोपणीने चोपा, आणि मगच त्यावर शेणाचा हात फिरवा. सारवण वाळेपर्यंत पिल्लाला तिथे फिरकू देऊ नका, ओल्या शेणाचा वास त्याला ओढून आणतो. शिवाय मातीच्या भुईवर वाढणाऱ्या पिल्लाला माती हाच पृष्ठभाग शू करायचा वाटू शकतो. अशा घरात सुरुवातीचे आठवडे त्याच्या कुंपणाखाली जाड ताडपत्री किंवा लिनोलियमचा तुकडा अंथरा आणि माती फक्त ट्रेमध्ये, हरळीखाली, असू दे.

नेहमी बाहेर जाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला ट्रेची सवय लावायची असेल तर मृगाआधी महिनाभर सुरुवात करा. पाऊस पडू लागल्यावर शिकवायला वेळ राहत नाही. ते अंगणात जिथे रोज करतं तिथलीच हरळी लादीसकट काढून ट्रेमध्ये बसवा आणि ट्रे त्याच जागी अंगणात ठेवा. तिथे ते सहज करू लागलं की ट्रे रोज वीतभर दाराकडे सरकवा. घाई करून एकदम पडवीत आणलात तर पुन्हा पहिल्यापासून. उंबरा ओलांडणं हा सर्वांत अवघड टप्पा असतो. तिथे दोन-तीन दिवस जास्त थांबा आणि खाऊ वाढवा. सगळ्या कुत्र्यांना एकाच वेगाने जमत नाही. पिल्लं काही आठवड्यांत बरीच शिकतात, पण लहान जातींचा पूर्ण भरवसा यायला सहा महिने, कधी वर्षही लागतं.

आसनगावहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्या, संध्याकाळी उशिरा परतणाऱ्या माणसाने एकट्याच्या बळावर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळापत्रकाशिवाय हे शिकवणं होत नाही, आणि पिल्लू दहा-बारा तास एकटं राहू शकत नाही. घरात दिवसा कुणीतरी हवं, किंवा शेजारचं कुणी दोनदा-तीनदा येऊन ट्रेवर नेणारं हवं. तशी सोय असेल तर मोकळ्या वेळात पिल्लाला जाळीच्या कुंपणात ठेवा. एका टोकाला अंथरूण आणि पाण्याची वाटी, दुसऱ्या टोकाला ट्रे, मध्ये खेळायला जागा. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर मुळीच नाही. रात्रीचं जेवण सातच्या आत उरका, झोपण्यापूर्वी शेवटची फेरी ट्रेवर मारा आणि पहिले काही आठवडे मध्यरात्रीचा एक गजर लावा.

नर कुत्री सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पाय वर करून करू लागतात. तेव्हा सपाट ट्रे पुरत नाही. ट्रेच्या मधोमध लाकडाचा ठोकळा किंवा वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली घट्ट रोवा आणि भिंतीच्या बाजूला पत्रा लावा. सोफ्याच्या पायावर, नव्या बॅगेवर थेंब-थेंब टाकणं हे हद्द आखणं असतं. ते शिकवण्याने कमी होतं, आणि नसबंदी केल्याने बऱ्याच कुत्र्यांत आणखी कमी होतं.

विष्ठा मात्र ट्रेमध्ये राहू द्यायची नाही, झाली की लगेच उचला. कुत्र्याच्या विष्ठेतून अंकुशकृमी आणि गोलकृमी पसरतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर मातीत जगतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. आवणीच्या दिवसांत आपली माणसं दिवस दिवस अनवाणी चिखलात उभी असतात, लहान मुलं अंगणातल्या मातीत खेळत असतात. त्यामुळे विष्ठा शेतात, उकिरड्यावर, भाजीच्या वाफ्यात टाकायची नाही. संडासात टाकून पाणी ओतावं, किंवा विहीर आणि ओढ्यापासून लांब हातभर खोल खड्ड्यात पुरावी. भातसेच्या काठावर तर नकोच. भातसा धरणातून सोडलेलं हेच पाणी नदीने खाली पिसेच्या बंधाऱ्याला जातं आणि तिथून उचलून, शुद्ध करून मुंबईला पुरवलं जातं. जुन्या ट्रेमधली मातीसुद्धा फुलझाडांच्या बुंध्याशी घाला, पालेभाजीला नको. पिल्लाला जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर दर महिन्याला आणि सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत द्या.

सगळं नीट शिकलेलं कुत्रं एकाएकी घरभर करू लागलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. वारंवार बसतं पण दोन-चार थेंबच येतात, लघवी लालसर दिसते, करताना केकाटतं, किंवा पाणी अचानक खूप पिऊ लागलं, ही आजाराची लक्षणं आहेत. नर कुत्रं जोर करतंय आणि लघवी होतच नाही, हे दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मूतखडा अडकला असेल तर काही तासांत जिवावर बेततं. आपल्या तालुक्यांतले पशुवैद्यक बहुतेक वेळ गुराढोरांच्या कामात असतात, तेव्हा जाण्याआधी फोन करा. सकाळची पहिली शू ट्रेच्या कडेला वाटी धरून स्वच्छ बाटलीत घ्या, केव्हा घेतली ते वर लिहा आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रिया लागली तर कल्याणच्या दवाखान्यात किंवा परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात न्यावं लागेल, त्याची गाडी आणि सोबत आधीच ठरवून ठेवा. प्रवासात जुन्या ट्रेमधला हरळीचा एक तुकडा पिशवीत घ्या. दवाखान्याच्या आवारात तो खाली ठेवला की घाबरलेलं कुत्रंही त्यावर शू करतं, आणि वाटी धरलीत तर डॉक्टरांना हवा असलेला नमुना तिथेच मिळतो.